पहिला एअरब्रश स्वस्तातला घ्या, असं मी म्हणालो होतो. ते मागे घेतोय



दोन वर्षांपूर्वी घरबसल्या स्केल मॉडेल बनवून विकण्याच्या व्यवसायावर मी एक व्हिडिओ टाकला होता. त्यात मी एक वाक्य बोललोय: "पहिला एअरब्रश स्वस्तातला घ्या, हात बसला की चांगला घ्या." ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! भांडवल कमी अडकवा, शिका, मग वाढवा. बीबीएला आम्हाला हेच शिकवलं आणि मी तुम्हाला वर्षानुवर्षं हेच सांगत आलोय. पण एअरब्रशच्या बाबतीत हा सल्ला चुकीचा आहे, आणि त्या एका वाक्यामुळे एका मुलाचं नुकसान झालंय. म्हणून हा लेख.

आधीच सांगून टाकतो. माझं स्वतःचं आर्ट मटेरियल आणि हॉबीचं दुकान आहे. महागाची वस्तू विकली की मला जास्त सुटतात. तेव्हा पुढचं सगळं हे डोक्यात ठेवूनच वाचा.

तर हा तासगावकडचा मुलगा. एसटीच्या गाड्यांची मॉडेलं बनवतो. सनबोर्ड कापून बॉडी, पारदर्शक शीटच्या काचा, आत सीट, वर कॅरिअर, पुढे गावाची पाटीसुद्धा. माप १:३२, म्हणजे अकरा मीटरची खरी गाडी साधारण ३४ सेंटिमीटरची होते आणि टीव्हीच्या शोकेसमध्ये बरोबर मावते. लालपरीचं वेड आपल्याकडे किती आहे हे मी वेगळं सांगायला नको. त्याला एका डेपोतून ऑर्डर आली. आपल्याकडे शाळेत घालताना ज्यांची जन्मतारीख मास्तरांनी १ जून लावली, ती सगळी मंडळी ३१ मेला रिटायर होतात. (एसटीची पहिली गाडी धावली तीही १ जूनलाच, १९४८ साली, पुणे-नगर.) त्या डेपोत असे आठ जण एकदम निघणार होते. सहकाऱ्यांनी ठरवलं, प्रत्येकाला एक गाडी भेट द्यायची. आठ मॉडेलं, २,८०० रुपयांना एक, एकूण २२,४००. पोराची आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर.

त्याच्याकडे होता माझ्या शब्दावर घेतलेला कॉम्बो सेट. एकाच डब्यात एअरब्रश, चार्जिंगवर चालणारा हाताएवढा कॉम्प्रेसर, दोन-तीन कप आणि ड्रॉपर. चार गाड्या झाल्या. २७ तारखेला पट्ट्यांचा रंग बदलायला त्याने नोझल काढला, धुतला, परत बसवला आणि पान्याने जरा जास्त आवळला. तांदळाच्या दाण्याएवढा पितळेचा तुकडा, आट्यातच तुटला. अर्धा आत, अर्धा हातात.

मी त्या आठवड्यात नागपूरला बॅच घेत होतो. दुकानातल्या पोऱ्याने तीन वेगळे नोझल लावून बघितले. तिन्हींवर ०.३ लिहिलेलं, एकाचाही आटा जुळेना. मुलाने ऑनलाइन दुसरा सेट मागवला, तो आला २ जूनला. उरलेल्या चार गाड्यांचे पट्टे त्याने रात्रभर बसून हाताच्या ब्रशने ओढले. समारंभात एकाच स्टेजवर चौघांना चकाचक गाडी मिळाली आणि चौघांना ओरखडे उमटलेली. डेपोवाल्यांनी त्या चार गाड्यांचे निम्मेच पैसे दिले. म्हणजे ५,६०० रुपये गेले. पुढच्या वर्षीची ऑर्डर त्यांनी दुसऱ्याला दिली, ती वेगळीच.

मला फोनवर तो म्हणाला, "सर, माझाच हात जड आहे." हे ऐकून मला जास्त वाईट वाटलं. कारण चूक हाताची कमी आणि माझ्या सल्ल्याची जास्त होती.

स्वस्त एअरब्रशवर हात बसतो, हे गृहीतकच मुळात खोटं आहे. नवीन माणसाचा रंग थुंकल्यासारखा उडतो तेव्हा कारणं चार असू शकतात: रंग जाड राहिला, हवेचा दाब चुकला, ट्रिगर नीट ओढला नाही, किंवा सुईचं टोक वाकलंय. पहिली तीन शिकण्याची आहेत, चौथं वस्तूचं. वस्तू भरवशाची असेल तर तुम्ही पहिल्या तिनांवर काम करता. वस्तूच बेभरवशाची असेल तर चारही गोष्टींवर शंका घेत बसता, आणि शेवटी "आपल्याला जमत नाही" म्हणून कपाटात टाकता. माझ्या दुकानात जुने एअरब्रश विकायला घेऊन येणारे बहुतेक असेच असतात. पाचसहा वेळा वापरलेला, कपात लाल रंग वाळलेला.

मग स्वस्तात सुरुवात करायचीच नाही का? करायची ना, पण स्प्रे कॅनने. पहिली तीन-चार मॉडेलं कॅन आणि मास्किंग टेपवर काढा. एका रंगाचा सपाट थर कॅनसुद्धा छान देतो. प्रायमर, घासणं, पातळ थर, टेप कधी काढायची, ही अर्धी विद्या तिथेच येते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमची गाडी २,८०० ला कोणी घेतंय का ते कळतं. गिऱ्हाईक मिळालं की मग थेट मधल्या दर्जाच्या एअरब्रशवर उडी मारा. मधली ती स्वस्त एअरब्रशची पायरी गाळून टाका. ती पायरी नाहीच, खड्डा आहे.

आता तुम्ही म्हणाल, सर, हिशोब दाखवा. दाखवतो, आणि हा हिशोब माझ्याच विरोधात जातो हेही दाखवतो. विक्रेते काय सांगतात? चांगला ब्रश पटकन साफ होतो, वेळ वाचतो, पैसे वसूल. धरून चला, स्वस्त आणि मधल्या ब्रशमध्ये ७,००० रुपयांचा फरक आहे. एका गाडीला पाच रंग. प्रत्येक वेळी रंग बदलताना १५ मिनिटं वाचली तर सव्वा तास. तासाचे १०० रुपये धरले तर एका गाडीमागे १२५ रुपये वाचतात. ७,००० भागिले १२५, म्हणजे ५६ गाड्या. आणि तुम्ही शहाणे असाल तर आठही गाड्यांना लाल एकदमच माराल, पट्टे एकदमच. मग तो सव्वा तास आठ गाड्यांत वाटला जातो आणि बचत जवळपास उरतच नाही. त्यामुळे वेळ वाचवण्यासाठी चांगला एअरब्रश घेऊ नका. तुम्ही पैसे देताय ते ३१ मेला माल ३१ मेलाच देता यावा म्हणून. तासगावच्या पोराचे एका दणक्यात ५,६०० गेले. ७,००० चा फरक तिथेच भरत आला होता.

म्हणून "बेटर" एअरब्रश म्हणजे माझ्या लेखी पहिली गोष्ट एकच: सुई, नोझल आणि आतली सील सुट्टी मिळतात का, आणि किती दिवसांत मिळतात. इवाटा, हार्डर अँड स्टीनबेक, बॅजर, मिस्टर हॉबी या कंपन्यांचं नाव लोक घेतात ते फवाऱ्यासाठी. मी घेतो ते मॉडेल नंबर सांगितला की त्याच मापाचा पार्ट मिळतो म्हणून. दुकानदाराला थेट विचारा, "याचा नोझल आज तुमच्याकडे आहे का?" तो म्हणाला "मागवून देऊ", तर मागवायला लावा आणि आल्यावरच ब्रश घ्या. ब्रशसोबत एक जादा सुई आणि एक जादा नोझल ड्रॉवरमध्ये पाहिजेच. आम्ही रिक्षावाल्याला स्टेपनी नसली तर नावं ठेवतो, आणि स्वतः धंद्याला स्टेपनीशिवाय बसतो.

नोझल कसा बसतो तेही बघा. काहींना बारीक आटे असतात, ते पान्याने आवळताना तुटतात. काहींमध्ये नोझल नुसता आत सरकतो आणि पुढची टोपी त्याला धरून ठेवते. इवाटाचा एक्लिप्स सीएस तसा आहे, ०.३५ मिमीचा. हार्डर अँड स्टीनबेकच्या इव्होल्यूशनमध्येही पाना लागत नाही. रोज पाच वेळा धुणाऱ्या माणसाला ही सोय फार मोठी आहे. आणि आट्याचा नोझल असलाच, तर बोटाने बसवून पान्याने नुसता टेकवायचा. जोर लावायचा नाही.

माप ०.३ ते ०.४. बस, ट्रक, इमारती, किल्ले, सगळं यात होतं. ०.२ च्या मोहात पडू नका. परदेशी व्हिडिओत बोटाएवढ्या पुतळ्याच्या डोळ्यातली बाहुली रंगवताना दाखवतात, म्हणून माझ्या एका विद्यार्थ्याने पहिलाच ब्रश ०.२ चा घेतला, चांगल्या कंपनीचा, भरपूर पैसे मोजून. प्रायमर मारायला गेला की तुंबतो. सुईचं टोक इतकं नाजूक की एकदा टेबलावर पडला आणि वाकला. ब्रशमध्ये खोट काही नव्हती. तो त्या कामाचाच नव्हता. कप वर असलेला आणि ड्युअल ॲक्शन घ्या, म्हणजे ट्रिगर दाबला की हवा आणि मागे ओढला की रंग. आणि कार पेंटचा एनसी थिनर वापरणार असाल तर आतली सील टेफ्लॉनची आहेत का विचारा, साधं रबर त्यात फुगतं.

खरेदी करताना दुकानात पाणी घालून फवारून बघायला मागा. कागदावर गोल एकसारखा यायला हवा, एका बाजूला झुकलेला नको. कपात बुडबुडे आले तर नोझल नीट बसत नाही. सुई बाहेर काढून टोक नखावरून अलगद ओढा, खरखर लागली तर परत द्या. जो दुकानदार हे करू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका. माझ्याकडूनही.

आता हवेकडे वळतो, कारण बरेच जण सगळं बजेट ब्रशवर घालतात आणि इथे फसतात. चार्जिंगचा छोटा कॉम्प्रेसर हौसेला ठीक. धंद्याला टाकी पाहिजे, तीन लिटरची का असेना. टाकी नसली की पिस्टनच्या प्रत्येक ठोक्याला हवा हेलकावे खाते आणि ते हेलकावे लांब सपाट बॉडीवर दिसतात. दाब कमी-जास्त करायला रेग्युलेटर पाहिजे. मॉडेलचं बहुतेक काम १५ ते २५ पीएसआयमध्ये होतं आणि रंग दुधाइतका पातळ लागतो. पाणी अडवणारा ट्रॅपही हवाच. आपल्या पावसाळ्यात, कोकणात तर विचारूच नका, नळीत पाणी साठतं आणि नेमकं शेवटच्या थरावर थुंकतं. पण एक फरक लक्षात ठेवा. पावसाळ्यात एनसी रंगावर दुधाळ पांढरट झाक येते ती ट्रॅपने जात नाही. ती खोलीतल्या दमट हवेची करणी आहे. त्याला रिटार्डर लागतो, किंवा कोरड्या दिवसाची वाट बघावी लागते. माझ्याकडे दर जुलैला दोघे-तिघे कॉम्प्रेसर खराब निघाला म्हणून येतात आणि कॉम्प्रेसर चांगला असतो.

ब्रश घेण्याआधी नळीचा आटा विचारा. बहुतेक ब्रशना एक-अष्टमांश इंची बीएसपी लागतो. बॅजर आणि पाशेचे आटे वेगळे, त्यांना अडॅप्टर लागतो. शे-दोनशेच्या तुकड्यासाठी आठवडा जातो.

आणि मास्क. कापडी नाही, वास अडवणाऱ्या काडतुसांचा. थिनरचं काम स्वयंपाकघराशेजारी करू नका, घरात लहान मूल असेल तर अजिबातच नाही. तुमच्याकडे बजेट कमी असेल तर ब्रश एक महिना उशिरा घ्या, मास्क आधी घ्या.

जीएसटी नोंदणी असेल तर उपकरणावर भरलेल्या कराचं इनपुट क्रेडिट मिळतं, बिल पक्कं घ्या. नोंदणी नसेल तर कर खर्चातच धरा. बाहेरून मागवत असाल तर कस्टम ड्युटी आधी विचारा, नुसत्या वेबसाइटवरच्या किमतीवर गाडीची किंमत काढू नका.

तासगावच्या मुलाने आता ०.३५ चा ब्रश घेतलाय, थोडे पैसे मी उधार ठेवलेत. कॉम्प्रेसर जुन्या बाजारातून उचलला, टाकीचा, आवाज फार करतो. शेजारी तक्रार करतात म्हणून रात्री काम बंद ठेवतो. पुढच्या मेची ऑर्डर अजून आलेली नाही, पण एका शाळेच्या गॅदरिंगसाठी दोन गाड्या हव्या आहेत म्हणे.

जुन्या व्हिडिओच्या खाली मी दुरुस्ती लिहिली आहे. तो व्हिडिओ बघून ज्यांनी सेट घेतलाय त्यांनी शनिवारी दुपारी दुकानात घेऊन या. नोझल आणि सुई तपासून देतो, त्याचे पैसे घेणार नाही. येताना कप धुऊन आणा तेवढं.