आयर्लंडचा चतकोर

बालमित्रांनो,

'चतकोर' म्हणजे काय, सांगा पाहू! बरोबर. भाकरीचे चार सारखे भाग केले, की त्यातला एक भाग म्हणजे चतकोर. "अरे, चतकोर तरी खाऊन जा!" असं आजी मागून ओरडते ना, तोच हा. आज आपण असाच एक चतकोर करायला शिकणार आहोत. पण तो आहे सातासमुद्रापलीकडचा, आयर्लंड नावाच्या हिरव्यागार बेटावरचा.

पण त्याआधी आमच्या वर्गात काय झालं ते सांगते.

शनिवार होता. सकाळची शाळा. छोट्या सुट्टीत मुलं डबे उघडून बसली होती. कुणाकडे नूडल्स, कुणाकडे सँडविच, कुणाकडे पोळीचा रोल. एका मुलीने मात्र डबा मांडीवर घेतला आणि झाकण अर्धवटच उघडलं. शेजारच्या मुलाने वाकून बघितलं आणि मोठ्यांदा म्हणाला, "ए, हिने शिळं आणलंय! कालच्या भाकरीचं!" झालं. चार-पाच जण हसले. तिने झाकण लावलं आणि डबा दप्तरात ठेवून दिला. डब्यात फोडणीची भाकरी होती. कांदा, मिरची घालून, वर कोथिंबीर पेरलेली.

मी त्या मुलाला रागावले नाही. रागावून तो गप्प बसला असता, पण हसणं काही पोटातून गेलं नसतं. मी म्हटलं, "सोमवारी मी तुम्हा सगळ्यांना एक परदेशी पदार्थ देणार आहे." टाळ्याच टाळ्या!

माझी मावसबहीण बेलफास्टला नर्स आहे. बेलफास्ट म्हणजे उत्तर आयर्लंडमधलं मोठं शहर. मागच्या दिवाळीत ती आली होती, तेव्हा तिने आमच्याच तव्यावर बटाट्याचा एक पाव करून दाखवला होता. पाव म्हणायचं, पण दिसायला आपल्या जाड भाकरीसारखा. त्याचे चार तुकडे करून भाजतात आणि प्रत्येक तुकड्याला म्हणतात 'फार्ल'. हा जुना स्कॉटिश शब्द. त्याचा अर्थ ठाऊक आहे? चौथा भाग! म्हणजे आपला चतकोरच की!

चला, हात धुतलेत ना? तवा आणि सुरी हाताळताना आई-बाबांपैकी कुणीतरी जवळ हवंच. हा माझा नियम आहे बरं का!

साहित्य : बटाटे अर्धा किलो, मैदा १०० ग्रॅम (पाऊण कप), लोणी दोन मोठे चमचे, मीठ अर्धा चमचा आणि लाटताना लावायला थोडा मैदा. बस्स! हळद नाही, मिरची नाही, पाणीसुद्धा नाही.

कृती : (१) बटाटे सालासकट उकडा. जुने, पिठूळ बटाटे घ्या. नव्या बटाट्यांत पाणी जास्त असतं, मग पीठ चिकट होतं.

(२) पाणी काढून टाका. बटाटे गरम असतानाच मोठ्यांच्या मदतीने सोला आणि पुरणयंत्रातून काढा. पुरणयंत्र नसेल, तर किसून घ्या. मिक्सरला मात्र हात लावायचा नाही.

(३) गरम लगद्यात लोणी आणि मीठ घाला. मग मैदा घालून हलक्या हाताने गोळा करा. कणकेसारखं तिंबत बसू नका.

(४) गोळ्याचे दोन भाग करा. पोळपाटावर मैदा भुरभुरून प्रत्येक भाग अर्ध्या बोटाएवढा जाड, गोल लाटा. हाताने थापला तरी चालेल. सुरीने अधिक चिन्हासारखे दोन छेद द्या. झाले चार फार्ल!

(५) कोरड्या तव्यावर, मध्यम आचेवर, दोन्ही बाजूंनी तीन-चार मिनिटं भाजा. तपकिरी डाग पडले, की उतरवा. वरून लोण्याचा गोळा लावा आणि गरमगरम खा.

"बाई, हा तर आलूपराठा!" असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. नाही हं! आलूपराठ्यात बटाटा पोटात असतो. इथे बटाटाच पीठ होतो.

आता दोन 'का?' विचारते. मिक्सर का नको? बटाट्यात पिष्टाचे बारीक कण असतात. मिक्सरचं पातं त्यांच्या पेशी फोडतं, पिष्ट बाहेर सांडतं आणि लगद्याची होते खळ. तिने पतंग चिकटवा हवं तर! आणि बटाटा गरमच का हवा? गार झाला, की तेच पिष्ट घट्ट होतं. मग लाटताना कडा फुटतात. स्वयंपाकघरसुद्धा एक प्रयोगशाळाच आहे, बघा.

आयर्लंडमध्ये याचा एक भाऊ आहे, 'बॉक्स्टी'. त्यात उकडलेल्या बटाट्याबरोबर कच्चा बटाटाही किसून घालतात, शिवाय ताक आणि खायचा सोडा. बॉक्स्टी या नावाचा मूळ अर्थ 'गरिबाघरची भाकरी' असा असावा, असं तिकडे सांगतात. आणि फार्ल? तो तर रात्री उरलेल्या बटाट्यांचा सकाळी करायचा पदार्थ. उरलेल्या म्हणजे, बालमित्रांनो, शिळ्या!

बटाटा मूळचा आयर्लंडचा नव्हेच. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तिथून तो स्पेनच्या लोकांनी युरोपात आणला. आपल्याकडे आणला पोर्तुगीजांनी. म्हणून तर आपण त्याला त्यांच्याच शब्दाने 'बटाटा' म्हणतो! आयर्लंडच्या ओल्या, थंड हवेत तो छान रुजला. तिथली जमीन मोठ्या जमीनदारांच्या ताब्यात होती. गरीब कुळांकडे एवढासा तुकडा. तेवढ्यात घरादाराचं पोट भरेल असं एकच पीक होतं, बटाटा. कष्टकरी माणूस दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खायचा, आणि सोबत ताक.

आणि १८४५ साली बटाट्यावर करपा पडला. मंचर, खेड भागातल्या माझ्या वाचकांना करपा सांगायला नको. पानं काळी पडतात आणि जमिनीतले बटाटे सडतात. बुरशीसारख्या एका सूक्ष्म जिवामुळे हा रोग होतो. आयर्लंडमधले गरीब शेतकरी बहुतेक एकाच जातीचे बटाटे लावत. त्या जातीचं नाव 'लम्पर'. एकाला जे झालं, ते सगळ्यांना झालं. १८४६ मध्ये तर जवळजवळ सगळं पीक गेलं. १८५२ पर्यंत दुष्काळ चालला. सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि साथीच्या रोगांनी मेली. आणखी दहा लाखांहून अधिक माणसं बोटीत बसून देश सोडून गेली. त्याच वेळी आयर्लंडमध्ये पिकलेलं धान्य, जनावरं आणि लोणी बोटींत भरून इंग्लंडला जात होतं. म्हणजे देशात अन्न होतं. पण ते विकत घ्यायला या माणसांकडे पैसा नव्हता. त्या वेळी आयर्लंडवर राज्य होतं इंग्रजांचं.

१८४१ च्या शिरगणतीत त्या बेटावर सुमारे ८२ लाख माणसं होती. आज पावणेदोनशे वर्षं उलटून गेली, तरी तिथली लोकसंख्या पुन्हा तेवढी झालेली नाही.

आणखी एक गोष्ट ऐका. अमेरिकेत चॉक्टॉ नावाचे आदिवासी आहेत. १८३० नंतरच्या काही वर्षांत सरकारने त्यांना त्यांच्या गावांतून हुसकावून शेकडो मैल चालायला लावलं होतं. वाटेत हजारो माणसं दगावली. ते लोक स्वतःच गरीब. तरी १८४७ साली आयर्लंडच्या भुकेची बातमी कळली, तेव्हा त्यांनी आपसांत वर्गणी काढली आणि पैसे पाठवले. ना ओळख, ना देख! आयर्लंड ते विसरलं नाही. कॉर्क परगण्यात मिडलटन नावाचं गाव आहे. तिथे पोलादाची नऊ उंच पिसं वाटीच्या आकारात उभी केली आहेत, चॉक्टॉंच्या आठवणीसाठी. आणि २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा आयर्लंडच्या लोकांनी अमेरिकेतल्या नावाहो आणि होपी आदिवासींना पैसे पाठवले. फेड करायला पावणेदोनशे वर्षांनंतरही उशीर झाला नव्हता.

तर, सोमवारी मी डबा उघडला. प्रत्येकाला अर्धा अर्धा फार्ल मिळाला. "बाई, मस्त!" "बाई, अजून आहे?" असं चाललेलं. मग मी सांगितलं, की हे बटाटे मी काल रात्रीच उकडले होते आणि सकाळी वाफेवर पुन्हा गरम करून घेतले. "म्हणजे हे शिळ्याचंच!" आणि मग वर सांगितली ती सगळी गोष्ट सांगितली.

वर्ग गप्प झाला. तो मुलगा खाली बघत होता. मी काही बोलले नाही.

मंगळवारी त्या मुलीच्या डब्यात पुन्हा फोडणीची भाकरी होती. या वेळी झाकण पूर्ण उघडं होतं. तो मुलगा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. जरा वेळ नुसताच उभा. मग म्हणाला, "थोडी देशील?" तिने त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता नाही म्हणणार. म्हणाली तरी तिचं काय चुकलं असतं? पण तिने डबा पुढे केला. म्हणाली, "घे. पण तिखट आहे हं!"

पालकहो, एक विनंती. उरलेल्या अन्नाचं काही केलंत, तर मुलांसमोर ते लपवून ठेवू नका. त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे? अन्न ताजं ठेवणं, वास आलेलं टाकून देणं हे शिकवायचंच. पण चांगलं उरलेलं अन्न जपणं हेही शिकवायचं.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी गृहपाठ. तुमच्या घरी उरलेल्या पोळीचं, भाताचं, भाकरीचं काय काय करतात? आजीला विचारा आणि वहीत लिहून काढा. कुस्करा, फोडणीचा भात... यादी किती लांब होते ते बघा. त्यातला एक पदार्थ येत्या रविवारी स्वतः करा. पहिला चतकोर मात्र तुम्ही खायचा नाही. तो कुणाला द्यायचा, ते तुमचं तुम्ही ठरवा.

पुढच्या आठवड्यात भेटूच.

तुमच्या,
बाई