आधी हिशेब, मग सौरसंच

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरचा किनारा झोडपून काढला. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, त्यांच्यासवे विजेचे खांबही कोसळले आणि घरोघरी कित्येक दिवस अंधार राहिला. त्या अंधाराचा धडा किनाऱ्याने विसरता कामा नये, असे आम्हांस वाटते.

छपरावरील सौरविजेचा आज मोठा बोलबाला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेने घरगुती संचास ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान देऊ केले, हे स्वागतार्हच होय. परंतु हे संच महावितरणच्या तारांशी जोडलेले असतात. आणि तारेवर काम करणाऱ्या कामगाराच्या जिवास धोका होऊ नये म्हणून, पुरवठा खंडित होताच बॅटरी नसलेला असा संच आपोआप बंद पडतो. म्हणजे वादळ ओसरल्यावर माथ्यावर लख्ख ऊन, आणि घरात मात्र अंधार! संकटकाळी ज्यास दिवा हवा, त्यास बॅटरीवाचून गत्यंतर नाही.

पुष्कळांची गफलत होते ती याच ठिकाणी. कोणी भीतीपोटी अवाढव्य बॅटऱ्या घेतो, तर कोणी स्वस्तात मिळेल ती. वस्तुतः हिशेब शाळकरी मुलासही जमावा इतका सोपा आहे. ९ वॅटचे चार दिवे ५ तास, ३० वॅटचे दोन पंखे १० तास आणि मोबाइलचे चार्जिंग, मिळून दिवसास सुमारे ०.८ युनिट, वाया जाणारा अंश धरून १ युनिट. आता ऊन मोजावयाचे ते वैशाखाचे नव्हे, आषाढाचे. त्या दिवसांत तीनच तासांचे भरपूर ऊन धरले, तरी ४०० वॅटचे पॅनेल पुरते. दोन दिवसांची बेगमी म्हणजे २ युनिटे. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिती करीत गेल्यास लवकर निकामी होते, म्हणून ती ४ युनिटांची हवी. लिथियमची असल्यास अडीच युनिटांची पुरे.

हीच बेगमी पाच दिवसांची करू म्हटले, तर बॅटरी अडीचपट लागेल आणि वर्षातील थोडेच दिवस वगळता ती वाढीव पुंजी निजूनच राहील. त्यापेक्षा अभ्राच्छादित दिवशी एक पंखा बंद ठेवणे शहाणपणाचे. पंप दिवसा उन्हावरच चालवून टाकी भरावी. पाणी साठविणे वीज साठविण्याहून केव्हाही स्वस्त. पर्यटकांच्या खोल्यांतील वातानुकूलन यंत्रांचा भार या संचावर मुळीच टाकू नये.

सरकारकडे आमचे मागणे एवढेच की, वादळप्रवण किनाऱ्यावर अशा लहान बॅटरीसही अनुदानात स्थान द्यावे. अंथरूण पाहून पाय पसरण्याची रीत कोकणी माणसास शिकवावी लागत नाही; येथे अंथरूण मापावे कसे, एवढेच त्यास कोणी सांगावयास हवे. ते मापन पुढचे वादळ येण्यापूर्वी व्हावे. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही.