खाली कॅप्शन आहे, मग सांकेतिक भाषा कशाला?

बातमीच्या व्हिडिओत कोपऱ्यातल्या चौकटीत दुभाषी दिसला की कमेंटमध्ये हा प्रश्न हमखास येतो. वाचता येत असेल तर हातवाऱ्यांची गरज काय?

गरज आहे. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांसाठी मराठी ही कधीच कानावर न पडलेली, शाळेत शिकलेली दुसरी भाषा असते. भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे मराठीची हातांनी केलेली नक्कल नाही. तिला स्वतःचं व्याकरण आहे. ‘तू कुठे राहतोस?’ या वाक्यातलं ‘कुठे’ तिथे सहसा शेवटी येतं. भुवया आणि चेहरा हाही वाक्याचाच भाग असतो.

म्हणून भरभर सरकणारं कॅप्शन अनेकांपर्यंत अर्धंच पोहोचतं. वादळाचा इशारा असेल तर हे अर्धेपण महागात पडतं. उलट, उतारवयात ऐकू येणं कमी झालेल्यांना बहुधा सांकेतिक भाषा येत नसते. त्यांना कॅप्शनच लागतं. म्हणजे दोन्ही हवं.

कायदा काय म्हणतो?

२०११ च्या जनगणनेत देशात श्रवणदोष असलेले सुमारे ५० लाख लोक नोंदले गेले. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ४२ नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमांत सांकेतिक भाषा आणि कॅप्शन मिळावं, यासाठी पावलं उचलणं ही सरकारची जबाबदारी आहे. २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकिलांनी दुभाष्याच्या मदतीने सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडली.

मग अडतंय कुठे?

सुगम्यतेच्या अनेक मार्गदर्शक सूचना फक्त शिफारशी म्हणून राहिल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुडी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं यावरच बोट ठेवलं आणि किमान निकष बंधनकारक करायला सांगितलं. दुसरी अडचण शाळेतली. २०२१ पर्यंत भारतीय सांकेतिक भाषेच्या शब्दकोशात १० हजार शब्द झाले. पण मुलाला त्याच भाषेत शिकवणारा शिक्षक वर्गात नसेल, तर तो शब्दकोश त्याच्या काय कामाचा?

आपल्या हातात काय आहे?

आडव्या व्हिडिओचं उभं रील करताना सगळ्यात आधी कापली जाते ती कोपऱ्यातली दुभाष्याची चौकट. पुढच्या वेळी क्रॉप करताना ती ठेवा. आपोआप आलेलं कॅप्शनही पोस्ट करण्याआधी एकदा वाचून घ्या.