स्वमग्न मुलांना वाली कोण?

दरवर्षी एप्रिलच्या दुसऱ्या तारखेस मोठ्या शहरांतील काही इमारतींवर निळे दिवे लागतात, वृत्तपत्रांतून चार ओळी येतात, आणि स्वमग्न मुलांविषयीचे समाजाचे कर्तव्य पुढील एप्रिलपर्यंत पार पडले असे मानले जाते. संयुक्त राष्ट्रसंघाने २००७ साली ठराव करून हा दिवस नेमून दिला. त्या ठरावाविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु त्या निळ्या दिव्यांचा उजेड वैनगंगेच्या पलीकडे कितपत पोहोचतो, हा प्रश्न चंद्रपूर-गडचिरोलीच्या जनतेने आता विचारावयास हवा.

इंग्रजीत जिला ऑटिझम म्हणतात ती स्वमग्नता हा रोग नव्हे. मेंदूची जडणघडणच निराळी. अशा मुलास हाक मारली तर ते वळून पाहत नाही, पण दूरच्या मोटारीचा आवाज त्यास असह्य होतो. हवी ती वस्तू ते बोटाने दाखवीत नाही. आईचा हात धरून तिला तेथवर ओढीत नेते. कोणी मुळीच बोलत नाही, तर कोणी ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी पुन:पुन्हा म्हणते. नेहमीची वाट बदलली की आकांत मांडते. १९४३ साली बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या हकिगती प्रसिद्ध करून या अवस्थेकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले. पुढे काही पाश्चात्त्य पंडितांनी, आईच्या मायेत ओलावा कमी पडल्यामुळे मूल असे होते, असा सिद्धान्त वर्षानुवर्षे मिरविला. तो केव्हाच खोटा ठरला आहे. आमच्याकडे मात्र पहिला ठपका आजही आईवरच ठेवला जातो, आणि त्यासाठी कोणास त्या पंडितांची पुस्तके वाचावी लागलेली नाहीत.

कायद्याने या मुलांना ओळखण्यास पुष्कळ उशीर केला. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ते घेतले, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत तिला स्थान मिळाले. ज्याचे दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक प्रमाणित झाले आहे अशा मुलास सहा ते अठरा वर्षांपर्यंत, जवळच्या शाळेत अथवा पसंतीच्या विशेष शाळेत, विनामूल्य शिक्षणाचा हक्क त्या कायद्याने दिला. पण मुले आहेत किती? २०११ च्या शिरगणतीत स्वमग्नतेचा रकानाच नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ सालासाठीचा अंदाज दर १२७ माणसांमागे एक असा आहे. तेच प्रमाण येथे लावले आणि त्या शिरगणतीतील दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या, म्हणजे सुमारे पावणेतेहतीस लाख, हिशेबी धरली, तर लहानमोठी मिळून पंचवीस हजारांवर माणसे होतात. हा निव्वळ त्रैराशिकाचा हिशेब आहे. तो निम्म्याने चुकला असे धरले तरी उरलेला आकडा उपेक्षेने सोडून देण्यासारखा खचित नाही.

आता या हक्काची वाट कशी आहे ते पाहावे. प्रमाणपत्रासाठी भारतीय मोजपट्टीवरील चाळीस बाबींवर मुलाची पारख व्हावी लागते, आणि त्यासाठी जाणकार तज्ज्ञ लागतात. सिरोंच्याच्या टोकाहून जिल्ह्याचे ठिकाण दोनशे किलोमीटरांच्या घरात. गर्दी आणि गोंगाट ज्याला साहवत नाही असे मूल घेऊन एस. टी. ने हा प्रवास करणे म्हणजे काय, हे त्या मातेलाच ठाऊक. दोन दिवसांची मजुरी बुडते ती निराळीच. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या तर वृत्तपत्रे वर्षानुवर्षे छापीत आली आहेत. चंद्रपुरास २०१५ साली आणि गडचिरोलीस २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, नागपुरास एम्स आले. या गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु स्वमग्न मुलाचे शिकणे हे दाढ काढण्यासारखे एका फेरीचे काम नाही. ते रोजचे आहे, वर्षानुवर्षांचे आहे, आणि ते जेवताना, आंघोळ करताना, अंगणात खेळताना व्हावयाचे असते. नागपूरचा तज्ज्ञ कितीही निष्णात असला तरी एटापल्लीच्या अंगणात रोज सायंकाळी बसू शकत नाही.

त्यात भाषेची अडचण निराळी. घरी माडिया बोलणारे मूल सहाव्या वर्षी मराठी शाळेत येते आणि गप्प बसते. भाषा परकी म्हणून ते गप्प आहे, की त्याची घडणच वेगळी म्हणून, हे गुरुजींनी ओळखावे कसे? दक्षिणेकडे तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीकडे बंगाली, सीमेवर छत्तीसगढी, असा हा बहुभाषी मुलूख आहे. येथे दोन्ही प्रकारच्या चुका होणार: साध्या लाजऱ्या मुलास वेडे ठरविण्याची, आणि खरोखर साहाय्य हवे त्यास 'बोलेल हळूहळू' म्हणून सोडून देण्याची. दुसरी चूक अधिक महाग, कारण पहिल्या पाच-सहा वर्षांत मिळालेल्या साहाय्याचे मोल पुढे भरून निघत नाही. शिवाय हताश पालकांच्या शोधात असणारे वैदू शहरांत कमी नाहीत. मूळ पेशींच्या उपचाराने स्वमग्नता घालवितो असे सांगून लाखो रुपये उकळले जातात. या उपचाराची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच स्पष्ट केलेले आहे. शेत विकून तिकडे धावण्यापूर्वी पालकांनी एवढे लक्षात ठेवावे.

मग करावे काय? याचे उत्तर शोधण्यास आम्हांला परदेशी जाण्याचे कारण नाही. ते गडचिरोलीतच पडलेले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली स्थापन केलेल्या 'सर्च' या संस्थेने नवजात बालकांच्या मृत्यूंचा प्रश्न हाती घेतला तेव्हाही अडचण हीच होती. रुग्णालय दूर, तज्ज्ञ दुर्मीळ, रस्ता नाही. त्यांनी तज्ज्ञाची वाट न पाहता ३९ गावांतील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले आणि त्यांना बाळाच्या घरी पाठविले. दर हजार जन्मांमागे सुमारे ६२ असलेले नवजात-मृत्यूंचे प्रमाण २५-२६ वर आले. १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात हा वृत्तान्त प्रसिद्ध झाल्यावर जगाने त्याची दखल घेतली, आणि २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर स्वीकारली गेली.

स्वमग्नतेच्या बाबतीतही असे घडू शकते काय? गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे झालेल्या एका प्रयोगाने याचे उत्तर बऱ्याच अंशी होकारार्थी दिले आहे. दोन ते नऊ वर्षांच्या ६५ मुलांपैकी निम्म्यांच्या आईवडिलांना, तज्ज्ञ नसलेल्या परंतु खास शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन साहाय्य केले. शिकविले काय? मुलाच्या पातळीवर जमिनीवर बसावे, ते ज्याकडे पाहते आहे त्याकडे आपण पाहावे, हुकूम सोडू नयेत, थांबावे, आणि त्याने टाकलेल्या लहानशा इशाऱ्यासही प्रतिसाद द्यावा. परिणामी पालक मुलाच्या कलाने वागू लागले आणि मुले आपण होऊन अधिक वेळा संवाद आरंभू लागली. सर्वच मापांवर यश आले असे नव्हे. मुलाचे व पालकाचे लक्ष एकाच गोष्टीवर खिळून राहण्याचा वेळ उलट घटलेला आढळला. नवजाताचा जीव अठ्ठावीस दिवसांत वाचतो किंवा जातो. येथे तसा झटपट हिशेब नाही, आणि आरोग्यदूताच्या यशाची नुसती नक्कल केल्याने भागणार नाही, हे आम्ही जाणतो. तरीही तज्ज्ञाच्या देखरेखीखाली साध्या माणसाच्या हाती हे कसब देता येते, एवढे सिद्ध झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही पालकांसाठी नऊ सामूहिक बैठकी व तीन गृहभेटी असा अभ्यासक्रम सिद्ध केला आहे. तो मराठीत शिकविला जावा, आणि माडिया व तेलुगू घरांत त्या त्या भाषेत तोंडी पोहोचविला जावा. तो पोहोचविणारी माणसे गावोगाव आहेतच: अंगणवाडी सेविका आणि आशा. २०१३ साली पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा जावीत असा नियम आहे, आणि त्यांनी तपासावयाच्या बाबींत स्वमग्नताही आहे. हाक मारल्यावर न वळणारे, बोटाने न दाखविणारे दीड-दोन वर्षांचे मूल प्रथम सेविकेच्याच दृष्टीस पडते. तिला ते ओळखता आले पाहिजे.

शाळांविषयी थोडे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. प्राथमिक शाळेत दहा विशेष विद्यार्थ्यांमागे एक आणि माध्यमिक शाळेत पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण केंद्र शासनाने २०२२ मध्ये ठरवून दिले. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांच्या ४,८६० पदांना मान्यता दिली. पद मंजूर होणे आणि माणूस त्या केंद्रावर राहणे यांतील अंतर या जिल्ह्यांच्या परिचयाचे आहे. कोणत्याही खात्याचा कर्मचारी येथे 'शिक्षा' म्हणून पाठविला जातो ही जुनी तक्रार आहे. म्हणून वर्गशिक्षकालाच चार गोष्टी आल्या पाहिजेत. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावावा. एका कामाचे लहान लहान तुकडे करून सांगावे. घंटेचा कर्कश आवाज जवळ असेल तर त्या मुलास दूर बसवावे. त्याने कानांवर हात ठेवले तर तो उर्मटपणा समजू नये. यांस खर्च कितीसा?

आश्रमशाळांची गोष्ट अधिक बिकट आहे. गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर आणि चिमूर या प्रकल्पांखालील निवासी शाळांत कोवळ्या वयात घर सुटते, शेकडो मुलांच्या गलबल्यात जेवणे आणि झोपणे आले. स्वमग्न मुलास याहून अवघड जागा कल्पिता येणार नाही. असे मूल पळून घरी जाते, आणि दप्तरी त्याची नोंद 'शाळाबाह्य' अशी होते. त्याचा छळ झाला असेल किंवा नसेलही. त्याला कोणी ओळखलेच नव्हते हे निश्चित.

ज्या जिल्ह्यात बाबा आमट्यांनी १९४९ साली आनंदवन उभे केले, जेथे कुष्ठरोग्यांबरोबर अंध व मूकबधिर मुलांनाही आसरा आणि शिक्षण मिळाले, त्या जिल्ह्यास ही जबाबदारी नवी नाही. परंतु सर्व भार संस्थांवर टाकून शासनाने मोकळे व्हावे हे आम्हांस मान्य नाही. दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी तालुक्याच्या ठिकाणी स्वमग्नतेच्या प्रमाणपत्राची शिबिरे ठरलेल्या तारखांना भरवावीत, आणि त्या तारखा पावसाळ्यापूर्वीच्या असाव्यात. जिल्हा नियोजन समित्यांनी अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणासाठी यंदाच निधी काढून ठेवावा. विशेष शिक्षकांची पदे भरताना सिरोंचा, भामरागड, एटापल्ली, कोरपना आणि जिवती या तालुक्यांपासून आरंभ करावा. नागपूर-पुण्याकडील केंद्रे भरून झाल्यावर उरतील ती माणसे इकडे, हा नेहमीचा क्रम या वेळी उलटा व्हावा. दोन्ही जिल्हा परिषदांनी आपापल्या तालुक्यांत आज किती विशेष शिक्षक प्रत्यक्ष कामावर आहेत ते जाहीर करावे; ती यादी आम्ही याच पानावर छापू.