पोलादाचे पासबुक

२७ मार्च १९८०. उत्तर समुद्रातल्या नॉर्वेच्या तेलक्षेत्रात ‘अलेक्झांडर किलँड’ या तरंगत्या प्लॅटफॉर्मवर २१२ माणसे होती. तेलविहिरींवरच्या कामगारांचे ते वसतिगृहच. हवा वादळी होती, पण त्या समुद्राला ती नवी नव्हती. संध्याकाळी एक आडवा दांडा तुटला, पाठोपाठ पाच पायांपैकी एक निखळला आणि थोड्याच वेळात सारा डोलारा उलटला. १२३ माणसे गेली.

चौकशीत निघाले ते एक किरकोळ वेल्डिंग. पाण्यातले आवाज टिपणारे यंत्र बसवण्यासाठी दांड्यावर एक बैठक जोडली होती. तिच्या ६ मिलिमीटरच्या जोडात चीर होती आणि चिरेत रंगाचे अंश होते. म्हणजे समुद्रात जाण्यापूर्वीच ती पडलेली होती. पुढची सुमारे चार वर्षे लाटा ती वाढवत राहिल्या.

यालाच धातूचा थकवा म्हणतात. तार एकदा वाकवून तुटत नाही; पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. एकाच मापाचा भार किती वेळा सोसेल, हे प्रयोगशाळेत मोजता येते. पण समुद्राच्या दोन लाटा सारख्या नसतात, पुलावरून जाणारी दोन वाहनेही नसतात. मग हिशेब कसा मांडायचा?

१९४५ मध्ये मायनर यांनी मांडलेला नियम माझ्यासारख्या निवृत्त बँक अधिकाऱ्याला लगेच पटतो. बांधकामाचे आयुष्य ही एकरकमी ठेव. प्रत्येक भार आपापल्या वजनाप्रमाणे त्यातून काही काढतो. बेरीज एकावर पोचली की खाते संपले. जमेची बाजू पुन्हा नाही. वेड्यावाकड्या आलेखातून हे व्यवहार वेगळे काढायची रीत १९६८ मध्ये जपानच्या मात्सुइशी आणि एंडो यांनी दिली. छपरांवरून ओघळणाऱ्या पावसाची कल्पना त्यामागे आहे.

यातली खरी मेख पुढे आहे. वेल्ड केलेल्या पोलादात ताण दुप्पट झाला, तर झीज साधारण आठपट होते. जादा माल भरलेला ट्रक दंड भरून सुटतो. पुलाच्या खात्यातून गेलेली रक्कम मात्र परत येत नाही.

अर्थात, हा अंदाज आहे. भार कोणत्या क्रमाने आले, हे मायनर विचारत नाही. म्हणून अभियंते हवे त्याच्या कित्येक पट आयुष्य धरून चालतात. शिवाय हिशेब जोड निरोगी धरतो; ‘किलँड’चे खाते उघडतानाच कर्जात होते.

हे सारे दूरचे नाही. मुंबई हायमधून १९७६ पासून तेल निघते आहे आणि दर पावसाळ्यात तिथल्या पोलादावर लाटा आदळतात. शहरातले पूल रोज हादरे सोसतात. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत सीएसएमटीजवळचा पादचारी पूल कोसळून सात जण गेले. आदल्याच वर्षीच्या तपासणीत तो किरकोळ दुरुस्तीपुरता ठरला होता. तिथे घात केला तो गंजाने, थकव्याने नव्हे; पण कागद आणि पोलाद यांतली दरी तीच.

दुर्घटना झाली की आपण ‘स्ट्रक्चरल ऑडिट’चा आदेश काढतो. ते त्या दिवसाची शिल्लक सांगते, तीही डोळ्यांना दिसेल तेवढीच. आधीचे व्यवहार कुठे आहेत? कोणत्या पुलावरून किती वजनाची किती वाहने गेली, कोणती चीर कधी दिसली, गेल्या वर्षी तिची लांबी किती होती, याची वही प्रत्येक पुलाला हवी आणि ती नागरिकांना पाहता यायला हवी. आपल्या पासबुकात नोंद चुकली तर आपण खिडकीशी भांडतो. ज्या पुलावरून मुले शाळेत जातात, त्याचे पासबुक मागायला संकोच का वाटावा?