भंगारातली जहाजे

जालन्याच्या एमआयडीसीत भंगाराचे ट्रक रिते होतात. गंजके पत्रे, गिअरचे झिजलेले दाते, पाइपांचे तुकडे भट्टीत जातात आणि त्यांची सळई होते. मुंबईच्या दारूखान्यात २०१४ साली जुनी विमानवाहू नौका ‘विक्रांत’ही अशीच तोडायला घेतली. ती वाफेवर चालणारी होती, पण तिच्यात अणुभट्टी नव्हती, म्हणून हे जमले. अमेरिकेच्या ‘एंटरप्राइज’ या विमानवाहू नौकेत ८ अणुभट्ट्या होत्या; अशा जहाजाचे किरणोत्सर्गी भाग भंगारवाल्याच्या हाती देताच येत नाहीत. किरणोत्सर्ग दिसत नाही, धातू वितळवूनही जात नाही. दिल्लीच्या मायापुरीत २०१० साली भंगारातल्या किरणोत्सर्गी कोबाल्ट-६०ने एका कामगाराचा जीव घेतला, आणि तो तर प्रयोगशाळेतल्या एका जुन्या यंत्रातला होता! ज्या कारखान्याच्या फाटकावर किरणोत्सर्ग मोजण्याचे यंत्र नसेल, त्याने ते आधी बसवावे, ही कळकळीची विनंती.