पाट्यावरची परदेशी चटणी

परवा येथील एका जुन्या मराठी घरी जेवावयास जाण्याचा योग आला. पानात डाव्या बाजूस, चटणी-कोशिंबिरीच्या मानाच्या जागी, लालसर रंगाचा एक दाट पदार्थ वाढला होता. हा मेक्सिको देशातील ‘साल्सा’ असून तो बाटलीतून आणला आहे, असे घरच्या नातीने कौतुकाने सांगितले. आजीबाईंनी बोट लावून चाखले आणि म्हणाल्या, “अगं, ही तर साखर घातलेली टमाटरची चटणी! एवढ्यासाठी बाटली कशाला आणायची?” नात हिरमुसली. आमच्या मते मात्र दोघींचेही थोडे बरोबर होते आणि थोडे चुकत होते.

‘साल्सा’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ नुसता सॉस एवढाच आहे. पण वस्तू स्पॅनिश नव्हे. १५२१ साली स्पॅनिश फौजांनी तेनोच्तित्लान ही आस्तेक राजधानी जिंकली. १५२९ साली तेथे गेलेल्या बेर्नार्दिनो दे साआगुन या धर्मोपदेशकाने त्या लोकांच्या चालीरीती लिहून ठेवल्या आहेत. मिरची, टोमॅटो आणि भोपळ्याच्या बिया यांचे सॉस बाजारात विकणाऱ्यांचे वर्णन त्यात येते. ‘टोमॅटो’ हा शब्दही त्यांच्या नाहुआतल भाषेतील ‘तोमात्ल’वरूनच आलेला. तेव्हा आम्हा इंदूरकरांच्या ‘टमाटर’ला पुण्याच्या पाहुण्यांनी हसण्याचे कारण नाही, मूळचे दोघांचेही नाही!

या पदार्थाचे साधन तर आपल्या फारच ओळखीचे आहे. तेथे तीन पायांचा काळ्या दगडाचा खल असतो, त्यास ‘मोल्काहेते’ म्हणतात. तो दगड ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून झालेला बेसाल्ट. आपले माळव्याचे पठारही त्याच जातीच्या खडकाचे बनलेले आहे. मक्याचे पीठ वाटण्यासाठी तेथे ‘मेताते’ नावाचा उतरता दगड असतो. तो पाहिला की पाट्याचीच आठवण होते.

आता कृती. चार पिकलेले टोमॅटो, दोन हिरव्या मिरच्या, सालासकट लसणीच्या दोन पाकळ्या आणि अर्धा कांदा घ्यावा. टोमॅटो, मिरच्या आणि लसूण कोरड्या तव्यावर, तेलाचा थेंबही न घालता, काळे डाग पडेपर्यंत भाजावेत. लसूण सोलून प्रथम मिठाबरोबर वाटावी, मग मिरची, आणि शेवटी टोमॅटो जाडेभरडे रगडावेत. वर बारीक चिरलेला कांदा आणि कोथिंबीर घालून लिंबू पिळावे. साखर नको, फोडणी नको. मिक्सरमध्ये हेच घातले तर पाती हवा कोंडून फेस करतात, रंग फिका गुलाबी होतो आणि भाजल्याचा खमंगपणा हरवतो. दुसरा प्रकार न भाजता, सारे कच्चेच बारीक चिरून करतात. ती तर दाण्याच्या कुटाविना केलेली आपली कोशिंबीरच.

एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. ही लोणच्यासारखी मुरवायची वस्तू नव्हे. टोमॅटोचा आंबटपणा टिकाऊपणास जेमतेम पुरतो आणि कांदा-मिरची मिसळल्यावर तोही उणा पडतो. हवाबंद बरणीत ती भरून ठेवली, तर चवीस न कळणारे विष आत तयार होऊ शकते. थंड कपाटात ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावी.

कोणी म्हणेल, आपल्या पानात परदेशी पदार्थ हवाच कशाला? तर मिरची तरी आपली कोठे आहे? सोळाव्या शतकात ती पोर्तुगीजांबरोबर इकडे आली. तोवर तिखटाचे काम मिरे करीत. नावही तिला आपण मिऱ्यावरूनच दिले. टोमॅटो त्याहून मागाहून आला, आणि श्राद्धाच्या स्वयंपाकात तो अनेक घरी अजूनही चालत नाही. उलट साल्सातील कोथिंबीर, कांदा, लसूण आणि लिंबू ही मेक्सिकोची नव्हेत. ती स्पॅनिश लोकांनी समुद्रापलीकडून तिकडे नेली. मग यात शुद्ध कोण आणि भेसळ कोणाची? आम्ही स्वतः तरी कोण? मल्हारराव होळकरांच्या मागोमाग नर्मदा ओलांडून आलेली ही घराणी. तीनशे वर्षांत भाषेत हिंदी मिसळली, पोह्यांवर शेव आली. म्हणून आपले मराठीपण काही बुडाले नाही.

ते बुडत असेल तर दुसऱ्याच कारणाने. जुने वाडे पाडून तेथे सदनिका उभ्या राहत आहेत. सामानाच्या यादीत देव्हारा असतो, आजोबांचे तैलचित्र असते. पाटा मात्र ‘जड आहे’ म्हणून मागील अंगणात राहतो आणि पुढे मातीच्या ढिगाऱ्यात जातो. रोजचे वाटण बायकांच्या मानेवरून उतरले हे फार चांगले झाले. ते जोखड परत यावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण ओझे टाकताना हातातील विद्याही आपण टाकून दिली. बाटलीचा दोष ती परदेशी आहे हा नव्हे. आपल्याला काही करता येत नाही असे मानण्याची सवय ती लावते, हा तिचा दोष.

म्हणून आजीबाईंना आमची विनंती, की पुढच्या खेपेस हसून विषय संपवू नये. नातीला टोमॅटो भाजावयास सांगावे आणि आपण पाटा धुऊन घ्यावा. नातवालाही वरवंट्याशी बसवावे. मनगट त्यालाही आहे. नातीला परदेशची चव कळेल आणि वाटणातील आजीचा हात तिच्या हाती येईल. नावाला ती चटणी मेक्सिकोची असो. पाटा घरात राहिला म्हणजे झाले.